थोडं तोंड आलंय

रिकामं ताट परत आलं, तेव्हा थोरलीच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

ती दुपारच्या बसने आली होती. बॅग अजून दारातच होती. टाचणी आईच्या खोलीतून बाहेर आली, पायाने दार ओढून घेतलं आणि ताट सरळ मोरीकडे घेऊन गेली. ताटात शीतसुद्धा उरलं नव्हतं. आणि दार मिटता मिटता फटीतून जेवढी दिसली, तेवढी आई गेल्या भेटीतल्या आईच्या निम्मीच होती.

"सगळं जेवली?" थोरलीने विचारलं.

"हो. मऊ भात होता, दही कालवून."

"मग एवढी कशी वाळली?"

"औषधांनी होतं तसं. डॉक्टर म्हणालेच होते." टाचणी नळाकडे तोंड करून बोलत होती.

टाचणी म्हणजे तिची भावजय. नाव आईनेच ठेवलेलं. घरच्या सोफा-गाद्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर कामाला आलेली ही किडकिडीत मुलगी कापड नेमकं जिथे धरायचं तिथेच धरते, म्हणून. पुढे धाकट्याने तिच्याशी लग्न केलं, त्यावरून घरात काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. थोरली तिला 'वहिनी' म्हणायची. त्यात मान किती आणि अंतर किती, हे टाचणीला बरोबर कळायचं.

थोरली एका शाळेची मुख्याध्यापिका होती. हात पाठीमागे घेऊन उभं राहिलेलं मूल काय लपवतंय, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. आपलं ओळखणं चुकत नाही, याचा तिला थोडा तोराही होता.

ती आईच्या खोलीत गेली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोक्याला रुमाल, आणि त्याचंच एक टोक ओठांवर ओढून घेतलेलं. खोलीभर पुदिन्याचा उग्र वास.

"आई, मी आलेय."

आईने मान वळवली, डोळ्यांनीच हसली आणि हात पुढे केला. बोलली नाही. ही तीच बाई, जिचा आवाज खालच्या मजल्यावरच्या यंत्रांच्या खडखडाटाला पुरून उरायचा.

"बोल ना गं काहीतरी."

टाचणी मागे येऊन उभी राहिली होती. "थोडं तोंड आलंय त्यांचं. बोलायचा त्रास होतो." आईने लगेच मान डोलावली. थोरलीला वाटलं, हे मान डोलावणं दोघींनी आधीच ठरवलेलं आहे.

"बरं, मी बसते हिच्याजवळ. तू जा खाली."

"नाही, गुळण्यांची वेळ झालीय. तुम्ही प्रवासातून आलात, जरा पडा." टाचणीने दाराकडे हात केला. माझ्याच घरात मलाच दार दाखवतेय, असं थोरलीच्या मनात आलं, आणि ती मुकाट्याने बाहेर पडली. दार पुन्हा लागलं.

खाली कारखान्यात काका भेटले. वडिलांचे धाकटे भाऊ. वडील असल्यापासून कापड आणि रेक्झिन कापायचं टेबल त्यांच्याकडे होतं. आज ते टेबलाजवळ नव्हते. स्प्रिंगांच्या ढिगाऱ्यापाशी स्टुलावर बसून चहा फुंकत होते.

"या, हेडमास्तरीणबाई. पाहिलंत का राज्य?"

"तुम्ही इथे का बसलात, काका?"

"मला पेन्शन दिली." काका हसले, पण हसू मिशीच्या वर गेलं नाही. "परवा टाचणी आली. म्हणे, आईंनी सांगितलंय, काकांनी आता कटिंग सोडावं, फक्त देखरेख करावी. मी म्हटलं, वहिनीला माझ्याशी बोलायला काय झालं? तर म्हणे, त्यांचं तोंड आलंय. गंमत आहे बघ. तुझ्या आईचं तोंड बंद झालं आणि हिचं उघडलं. रोज एक हुकूम. 'आई म्हणाल्या.' कधी म्हणाल्या, कोणासमोर म्हणाल्या, ते विचारायचं नाही."

"धाकटा काय म्हणतो?"

"तो? बायकोने शिवलेलं उसवायचं नाही, एवढं त्याला कळतं." काकांनी आवाज खाली आणला. "मी कोणाचे कान भरत नाही. पण एक सांगतो. मी दोनदा वर गेलो तिला भेटायला. दोन्हीदा दारातूनच परत. 'झोपल्यात.' झोपलेल्या माणसाच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज येतो का गं?"

धाकटा मालाची गाडी सोडून आला, तेव्हा थोरलीने त्याला फोमच्या गठ्ठ्यांमागे गाठलं. "आई जेवते का रे नीट?"

"जेवते की. टाचणी भरवते ना."

"तू पाहिलंस? स्वतःच्या डोळ्यांनी?"

तो घुटमळला. "आईला आवडत नाही कोणी बघितलेलं. ताई, तू आल्या आल्या चौकशी नको सुरू करूस. ती रात्रंदिवस राबतेय आईसाठी."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू म्हणत नाहीस. तू नुसती बघतेस." असं म्हणून तो गेला. थोरलीला कळलं की त्यालाही काही माहीत नाही. आणि माहीत नाही तेच बरं, असं त्याने ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणी दुकानात गेलेली पाहून थोरलीने आईच्या खोलीतलं कपाट उघडलं. वरच्या खणात औषधं ओळीने मांडलेली होती. त्यांत रुग्णालयाच्या चिठ्ठीची एक गुळण्यांची बाटली होती: 'जेवणाआधी, तोंडात धरून थुंकणे.' झाकणाचं सीलही तुटलं नव्हतं. कालची गुळण्यांची वेळ मग कशाची होती? मागे वळली तर आई जागी होती, टक लावून बघत. थोरलीने बाटली दाखवली. "ही का नाही वापरत?" आईने डोळे मिटून घेतले.

दुपारच्या जेवणानंतर जे व्हायचं ते झालं. थोरली मागच्या जिन्यात मुद्दाम थांबली होती. टाचणी खोलीतून बाहेर आली, ताट घेऊन मोरीकडे न जाता मागच्या अंगणात गेली, आणि पदराआडून एक पिशवी काढून कचऱ्याच्या पिंपात टाकली. ती वळताच थोरलीने पिंपाचं झाकण उचललं. पिशवीत भात होता, सकाळचं उकडलेलं अंडं होतं, केळ्याच्या फोडी होत्या. सगळं जसंच्या तसं. एकही घास उष्टा नव्हता.

 टाचणी खाली मशीनवर जाऊन बसली होती. थोरली पिशवी घेऊन तशीच कारखान्यात उतरली. काका होते, धाकटा होता, कारागीर होते, स्टेपल गनचे आवाज चालू होते. तिने पिशवी टाचणीच्या मशीनवर ठेवली.

"हे काय आहे?"

टाचणीने बघितलं. पायडलवरचा पाय निघाला.

"मी विचारतेय, हे काय आहे? ताट रिकामं दाखवायचं आणि अन्न पिंपात? माझ्या आईला उपाशी मारायला निघालीस तू? औषध सीलबंद पडलंय. कोणाला भेटू देत नाहीस. तिच्या नावाने हुकूम सोडतेस. ती बोलत नाही याची तुला सोय झालीय, नाही का?"

स्टेपल गनचे आवाज एकेक करून थांबले. काका स्टुलावरून उठले. धाकटा म्हणाला, "ताई, पुरे," पण त्याची नजर पिशवीवर होती, आणि मग बायकोवर. ती नजर टाचणीने पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "आईंना विचारा."

"आईला बोलता येत नाही, हेच तर तुझ्या पथ्यावर पडलंय!"

"मग त्यांचं तोंड बघा," टाचणी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी शब्द दिलाय. मला नका विचारू. तोंड बघा त्यांचं."

थोरली तरातरा वर गेली. मागोमाग टाचणी, धाकटा, आणि धापा टाकत काका. आई उशीला टेकून बसली होती. सगळे एकदम आत शिरलेले बघताच तिने रुमाल ओठांवर दाबला.

"आई, आ कर."

आईने मान हलवली. नाही.

"आ कर म्हणते ना!" थोरलीने तिचा हात बाजूला केला, आणि तिला चटका बसला. हात तापलेला होता. कपाळही. "हिला ताप आहे! वहिनी, हिला ताप आहे आणि तू..."

"ताप?" टाचणी पुढे आली. "नाही हो. मी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावते. तोंडात लावते, ताप नाही येत..." ती बोलता बोलता थांबली. पलंगाशेजारच्या टेबलावर पाण्याचा पेला होता, त्यात बर्फाचे तुकडे. टाचणीने त्या पेल्याकडे बघितलं, मग आईकडे. "आई, तुम्ही थर्मामीटरच्या आधी बर्फ चघळता?"

आईने मान खाली घातली. तेव्हा थोरलीला दिसलं, की टाचणीलासुद्धा फसवलं गेलं होतं.

आईने तोंड उघडलं, ते धाकट्याच्या हातातला मोबाइलचा दिवा पेटलेला बघून. हरलेल्या माणसासारखं. ओठांच्या आतली कातडी सोलून निघाली होती. जिभेच्या कडांना खोल चट्टे, गालांना आतून नासलेल्या दुधासारखे पांढरे पापुद्रे, हिरड्यांतून रक्त. मागच्या एका दाढेभोवती सूज. धाकट्याने दिवा बाजूला घेतला. काका म्हणाले, "अरे देवा," आणि भिंतीला टेकले.

"पाणीही आगीसारखं लागतं त्यांना," टाचणी हळू म्हणाली. "घास कसा जाईल? मी सूप गाळून देते, चमचा चमचा. ताट फक्त तुम्हा सगळ्यांना दाखवायला यायचं. त्यांनीच सांगितलं होतं तसं."

"का पण? डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

उत्तर आईनेच दिलं. एकेक शब्द ओठ न मिटता, जडपणे. "सांगितलं... की थांबवतात. मागच्या वेळी... थांबवलं. गाठ... थांबते का?"

मागच्या खेपेला रक्तातल्या पेशी कमी भरल्या आणि डॉक्टरांनी केमोचं सलाईन पुढे ढकललं, ते थोरलीला फोनवर कळलं होतं. ढकललं तर ढकललं, असं म्हणून ती शाळेच्या कामाला लागली होती. आईने मात्र तो आठवडा गाठीवर हात ठेवून काढला होता.

"आता मी नाही ऐकणार तुमचं," टाचणी म्हणाली. रडत होती, पण हात चालू होते, तिने आईची शाल काढली, चपला पुढे सरकवल्या, धाकट्याला म्हणाली, "गाडी काढ." तो धावला. थोरली मधोमध उभी होती आणि तिला काय करावं हे सुचत नव्हतं.

रुग्णालयात आईला लगेच दाखल केलं. अंगात पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. अशा वेळी तोंडातली साधी जखमसुद्धा रक्तात विष पसरवू शकते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. सलाईनमधून औषधं सुरू झाली. रात्र बाकावर गेली. धाकटा एका टोकाला, टाचणी दुसऱ्या, मधे थोरली.  थोरलीच्या मनात अजूनही एक गोष्ट टोचत होती. पुदिन्याचा तो वास. ही रोज कसल्या गुळण्या देत होती?

सकाळी दातांच्या डॉक्टर आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं सरळसोट. त्यांनी आईचं तोंड बघितलं, दाढ बघितली, आणि बाहेर येऊन विचारलं, "उपचार सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्यायला पाठवलं होतं आम्ही. आला नाहीत?"

"त्या म्हणाल्या, दात माझे, मी बघीन," धाकटा म्हणाला.

"ती दाढ तेव्हाच काढायला हवी होती. आता पेशी वाढेपर्यंत हात लावता येणार नाही. आणि गुळण्या कशाच्या करत होत्या? आम्ही दिलेल्या औषधाने एवढी कातडी जळत नाही."

थोरलीने टाचणीकडे पाहिलं. आता सांग, असं.

टाचणीने पिशवीतून हिरवी बाटली काढून डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी मागचं बारीक छापलेलं वाचलं. "यात स्पिरिट आहे. उघड्या जखमेवर दिवसातून चार-पाच वेळा स्पिरिट? कोणी दिली ही?"

टाचणी जमिनीकडे बघत राहिली. थोरलीने बाटली ओळखली. महागातली बाटली, दुकानदाराने सगळ्यात जोरदार म्हणून दिलेली. तिने स्वतःच ती फळांच्या खोक्यातून घरी पाठवली होती. वर फोन करून सांगितलं होतं, तोंड स्वच्छ ठेव गं आई, जंतू होतात.

"मी," ती म्हणाली. "मी पाठवली."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "पुष्कळ जण पाठवतात," एवढंच म्हणाल्या.

"मी त्यांना सांगितलं होतं, नका वापरू, झोंबतंय ना," टाचणी डॉक्टरांशीच बोलत होती. "त्या म्हणायच्या, झोंबतं म्हणजे लागू पडतंय. थोरलीने पाठवलंय, ती शिकलेली आहे. तुमचं औषध नुसतं तोंड बधिर करतं, त्याने काय होणार, म्हणून त्यांनी ती बाटली उघडूच दिली नाही. आणि त्यांनी कोणालाही न सांगण्याचा शब्द घेतला, तो मी दिला. माझं चुकलं. निदान तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. मग दोघींना आत नेऊन त्यांनी दाखवलं. कोमट उकळलेल्या पाण्यात थोडं मीठ, थोडा खायचा सोडा. तोंडात नुसतं घोळवायचं आणि थुंकायचं, जेवणानंतर आणि मधे मधे. लहान मुलांचा मऊ ब्रश, पेस्ट सौम्य. जेवणाआधी बधिर करणारं औषध, मगच घास. ओठांना मलम. पांढऱ्या पापुद्र्यांसाठी वेगळे थेंब. गरम, तिखट, आंबट काही नको. "आणि आजीबाई," त्या आईकडे वळल्या, "चार दिवस थांबणं हा आमच्या उपचारातलाच भाग आहे. लपवलेला ताप नाही. पुढच्या वेळी बर्फ चघळलात तर मी थर्मामीटर काखेत लावायला सांगेन."

आई डोळ्यांनी हसली. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, आठवड्याने तोंडाचे चट्टे भरायला लागले, आणि ती थोडं थोडं बोलू लागली. थोरलीने वाट बघितली, खोलीत दुसरं कोणी नसेल अशी. मनातला शेवटचा काटा काढल्याशिवाय तिला राहवेना.

"आई, काकांना टेबलावरून तूच उठवलंस?"

"मग कोण उठवणार?"

"टाचणीने सांगितलं म्हणून विचारलं."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. "काय गं, तिच्यावर एवढा संशय? त्याचा हात थरथरतो. तू त्याला कटर चालवताना पाहिलं नाहीस. एक दिवस बोटं जातील त्याची. त्याला सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, तो साधं बोललेलं कधी ऐकत नाही. मला ओरडता येत नव्हतं. म्हणून तिला पाठवलं. आणि हाताचं त्याला सांगू नको, असं बजावून पाठवलं. बिचारीने शिव्या खाल्ल्या असतील." थोडं थांबून ती म्हणाली, "तू किती घातल्यास तिला?"

थोरली पेला धुवायला उठली.

पेशी वाढल्यावर दाढ काढली, जखम भरली आणि पुढचं सलाईन उशिरा, पण सुरू झालं. आई घरी आली. पहिल्याच दिवशी तिने गाळलेल्या सुपाला नाक मुरडलं, तेव्हा धाकटा बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला. मात्र रात्री तो बाहेरच्या खोलीत झोपायचा, हे थोरलीच्या नजरेतून सुटलं नाही. त्या दुपारी पिशवीवरून बायकोकडे वळलेली त्याची ती नजर टाचणी विसरली नव्हती. ते थोरलीच्याच खात्यात जमा होतं.

सुट्टी संपून शाळा सुरू व्हायला आली होती. निघायच्या आदल्या दिवशी थोरली स्वयंपाकघरात गेली. टाचणी पाणी उकळत होती.

"वहिनी, मी त्या दिवशी जे बोलले..."

"इथे नको, ताई," टाचणी गॅस बारीक करत म्हणाली. "ते तुम्ही स्वयंपाकघरात बोलला नव्हतात."

थोरलीला कळलं, कुठे बोलायचं ते. शाळेत तिने कितीतरी मुलांना वर्गासमोर माफी मागायला लावली होती. ते इतकं अवघड असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती खाली गेली. कारखाना भरात होता. ती टाचणीच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली आणि टाचणी येऊन बसेपर्यंत तिथेच थांबली. कारागिरांनी माना वर केल्या. काका स्टुलावरून म्हणाले, "काय, निरोपाचं भाषण?"

"हो," थोरली म्हणाली. "सगळे ऐका. मी इथे उभी राहून हिच्यावर आळ घेतला. आईला उपाशी मारते म्हणाले. ते खोटं होतं. आईच्या तोंडाची आग मी पाठवलेल्या बाटलीने वाढली. हुकूम आईचेच होते, मी स्वतः तिला विचारलंय. हिने एकच चूक केली, आईचं ऐकलं. मी बोललेलं सगळं मागे घेते."

"झालं गेलं," काका पुटपुटले, "घरातल्या घरात होतंच असं..."

"नाही, काका. असं होत नाही. आपण दोघांनी ते केलं."

काकांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि ते स्प्रिंगा उगाच सारख्या करू लागले. धाकटा दारात उभा होता.  टाचणीने त्याच्याकडे बघितलं नाही.

"ऐकलं मी," ती थोरलीला म्हणाली. "पुढच्या वेळी शंका आली तर आधी माझ्याकडे या, मग बाकीच्यांकडे."

"येईन."

"आणि आईंचं ऐकून मी लपवलं, ती माझी चूक. ती मी डॉक्टरांसमोर कबूल केलीय. तुमच्यासमोर करणार नाही."

थोरलीने मान डोलावली. टाचणीने रेक्झिनच्या दोन कडा जुळवल्या, सुईखाली धरल्या, आणि पायडल दाबलं.